पाण्याने टाके पिकत नाहीत : ऑपरेशननंतरच्या पाण्याचा आणि सलाईनचा हिशोब

सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाळंतिणीच्या लघवीच्या पिशवीत रात्रभरात जेमतेम दीडशे मिली जमली होती आणि रंग कोऱ्या चहासारखा. सलाईन आदल्या संध्याकाळीच बंद झालं होतं, पाणी प्यायची परवानगीही होती. उशाशी तांब्या काठोकाठ भरलेला, त्यावर फुलपात्र पालथं. "पाणी का नाही प्यायलीस गं?" असं विचारल्यावर ती काही बोलली नाही, फक्त सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, टाके ओले आहेत अजून. पाण्याने पिकतात. आमच्यात घोटभरच देतात."

त्या माउलीला सुनेची काळजीच होती. तिच्या आईने तिला हेच सांगितलेलं, म्हणून तिनेही तेच केलं. पण सुनेची जीभ कोरडी पडली होती, नाडी एकशे दहाच्या घरात होती, आणि उठून बसवलं की तिला अंधारी येत होती.

त्याच आठवड्यात पुरुषांच्या बाजूला उलटा प्रकार. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या आजोबांचा मुलगा दर राऊंडला डॉक्टरांना विनवायचा, "साहेब, अजून दोन बाटल्या लावा, ताकद येईल." आजोबा चहा-बिस्किट खात होते. त्यांच्या पायांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वण उमटला होता, आणि तो बाटलीने कमी होणार नव्हता, वाढणार होता.

सर्जिकल वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे : टाके नीट भरण्यासाठी घरच्यांच्या हातात ज्या थोड्या गोष्टी असतात, त्यांत पाण्याचा हिशोब सगळ्यात वर आहे. कमी झालं तरी जखम रडते, जास्त झालं तरी रडते. हा हिशोब कसा ठेवायचा, ते इथे सांगते.

जखमेला पाणी लागतं म्हणजे नेमकं काय लागतं

प्यायलेलं पाणी टाक्यांत जाऊन साचत नाही. ते आतड्यातून रक्तात जातं. जखम पिकते ती जंतूंमुळे, पाण्यामुळे नव्हे.

शरीरात पाणी कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं. मेंदू, हृदय यांचा रक्तपुरवठा राखायचा आणि कातडी, कातडीखालची चरबी, आतडी यांच्याकडच्या रक्तवाहिन्या आवळून घ्यायच्या. आता टाके कुठे असतात? कातडीत आणि त्याखालच्या चरबीत. पोटाच्या ऑपरेशनात आतड्यावरही. म्हणजे काटकसरीची पहिली कुऱ्हाड नेमकी जखमेवर पडते. तिथे रक्त कमी पोचलं की प्राणवायू कमी पोचतो. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते प्राणवायू वापरून. जखम सांधणारं कोलॅजन पक्कं व्हायलाही प्राणवायू आणि क जीवनसत्त्व दोन्ही लागतात. पाणी तोडलं की जंतूंशी लढणारे आणि भिंत बांधणारे, दोघांचीही रसद तुटते.

आता दुसरी बाजू. गरजेपेक्षा जास्त सलाईन गेलं की ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि मांसात साचतं. सूज येते. सुजलेल्या कातडीत केशवाहिनीपासून, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनीपासून, पेशीपर्यंतचं अंतर वाढतं, म्हणून प्राणवायू नीट पोचत नाही, आणि टाक्यांवर ताण येतो. आतडी सुजली की त्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं, आणि आतडं कापून जोडलेलं असेल तर त्या सांध्यालाही धोका असतो.

या प्रश्नावर डॉक्टर मंडळींतही काटा बराच इकडे-तिकडे झुलला आहे. २००३ साली डेन्मार्कमध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या १७२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हात आखडून सलाईन दिलेल्यांत ३३ टक्क्यांना गुंतागुंत झाली, नेहमीच्या पद्धतीने भरपूर दिलेल्यांत ५१ टक्क्यांना. त्यानंतर 'कमीच द्या' असा सूर लागला. मग २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे ३००० रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात फार आखडता हात घेतलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, मोकळ्या हाताने दिलेल्यांत ५ टक्के. जखमेचा संसर्गही आखडत्या गटात थोडा जास्त दिसला, पण तो फरक ठाम निष्कर्ष काढावा इतका पक्का नव्हता. आज चांगले भूलतज्ज्ञ आणि सर्जन मधली वाट धरतात : माणूस बघून, मोजून, आणि शक्य तितक्या लवकर बाटलीकडून तोंडाकडे.

ऑपरेशनच्या आधीच सुरुवात होते

"रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको" हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. सकाळी आठला नंबर असेल तर निभावतं. दुपारी दोनला असेल तर माणूस सोळा तास तहानलेला टेबलावर जातो. आताचा सर्वसाधारण नियम असा आहे : हलकं अन्न आणि दूध भुलीच्या सहा तास आधी बंद (तेलकट-जड अन्न त्याहूनही आधी), आणि साधं पाणी किंवा गाळलेलं स्वच्छ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा हा दुधातच धरायचा. पण आतड्याला अडथळा असेल, पोट हळू रिकामं होणारा जुना मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर हा नियम बदलू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा सरळ विचारा : "नंबर साधारण कितीला आहे, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" नंबर पुढे ढकलला गेला तर पुन्हा विचारा. लाजू नका, हा प्रश्न त्यांना आवडतो.

आदल्या दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, पेशंटचं वजन. पुढचा सगळा हिशोब त्यावर चालतो. दुसरी, चालू गोळ्या. विशेषतः बीपीच्या आणि लघवी होण्याच्या.

तंबाखू आणि मिश्रीबद्दलही इथेच सांगायला हवं. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. बायका मिश्रीला तंबाखू धरत नाहीत, आणि विचारलं तर "मला कसलंही व्यसन नाही" म्हणतात. सलाईन कितीही मोजून दिलं तरी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बाईच्या टाक्यांना रक्त कमीच पोचणार.

बाटलीत काय असतं

आपल्याकडे सगळ्या बाटल्यांना 'सलाईन'च म्हणतात, पण त्या वेगवेगळ्या असतात. लेबल वाचा, वाचता येतं.

नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक सपाट चमचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, हे लक्षात घेतलं की "अजून एक लावा" म्हणताना जीभ थबकेल. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, रक्तातल्या क्षारांच्या जास्त जवळचं असतं. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर बहुधा तेच वापरतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, पाच चमचे. ताकद म्हणून बघितलं तर साधारण एका पोळीइतकी. प्रथिनं शून्य. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि ती या बाटलीतून येत नाहीत.

डेक्स्ट्रोजची एक बाजू धोक्याचीही आहे. ऑपरेशनच्या ताणामुळे शरीर पहिले एक-दोन दिवस पाणी धरून ठेवतं. अशा वेळी नुसतं डेक्स्ट्रोज किंवा नुसतं पाणी भरमसाट गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, तर "भुलीचा अंमल असेल" म्हणून सोडून देऊ नका. सिस्टरला लगेच बोलवा.

थेंबांचं गणितही माहीत असू द्या. आपल्याकडच्या साध्या सेटमधून २० थेंब म्हणजे १ मिली. अर्धा लिटर सहा तासांत द्यायचं तर मिनिटाला २७-२८ थेंब पडायला हवेत. थेंब पडतात त्या चेंबरकडे बघत घड्याळावर एक मिनिट मोजा. साठ-सत्तर थेंब धो धो पडत असतील किंवा पाच-सातवर अडखळलं असेल तर सांगा. पण नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक स्वतः फिरवू नका. "लवकर संपली की लवकर घरी" म्हणून नातेवाइकाने चाक मोकळं सोडलं आणि रात्री पेशंटला दम लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुईपाशी हात सुजला, दुखला, लाल झाला तर सलाईन शिरेबाहेर जात असेल किंवा शीर सुजली असेल. तेही लगेच सांगायचं.

वही

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. शंभर पानी वही घ्या, पान मधोमध दुमडा. डावीकडे आत गेलेलं, उजवीकडे बाहेर आलेलं. दोन्हीकडे वेळ लिहायची.

आधी भांडी मोजा. घरच्या फुलपात्रात किती मावतं हे अंदाजाने लिहू नका. औषधाच्या मापाने किंवा पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीने एकदा भरून बघा. एका घरचं 'एक ग्लास' दीडशे मिली निघालं, दुसऱ्याचं तीनशे. चहा, पेज, वरणाचं पाणी, ताक, सगळं डावीकडे. सलाईनची प्रत्येक बाटली डावीकडे. अँटिबायोटिकबरोबर जाणारी शंभर मिलीची छोटी बाटली हमखास विसरते, तीही.

उजवीकडे लघवी. नळी असेल तर पिशवीवरच्या खुणा वाचायच्या. नसेल तर मापाचं भांडं संडासात ठेवायचं. उलटी, नाकातल्या राइल्स ट्यूबमधून येणारं हिरवं-पिवळं पाणी, पोटातल्या ड्रेनच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीतलं, जुलाब. ड्रेनचं नुसतं माप पुरत नाही, रंगही लिहा : लाल, गुलाबी, पिवळसर, हिरवा, गढूळ. रंग बदलला तर राऊंडची वाट न बघता सांगा.

आता साठ किलोच्या माणसाचा हिशोब मांडू. ज्याला तोंडाने काही घेता येत नाही आणि ज्याची वेगळी कसली गळती नाही, अशा मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० मिली लागतं, म्हणजे १५०० ते १८०० मिली. तीन ते साडेतीन बाटल्या, बस. त्यावर राइल्स ट्यूबमधून ८०० मिली निघालं असेल तर ते वेगळं भरून काढावं लागतं, आणि त्या पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियमही गेलेलं असतं. म्हणूनच डॉक्टर कधी सलाईनमध्ये पोटॅशियम घालतात. ताप आणि घाम मोजता येत नाहीत, पण त्यांची नोंद हवी. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या वॉर्डात घामाने बरंच पाणी जातं.

लघवी किलोमागे तासाला अर्धा मिली तरी यावी, असं धरतात. साठ किलोला तासाला ३० मिली, सहा तासांत १८०, दिवसभरात ७२० च्या आसपास. मात्र पहिल्या दिवशी शरीर पाणी धरून ठेवत असल्याने लघवी थोडी कमी असणं स्वाभाविक असू शकतं. नुसता लघवीचा आकडा बघून बाटली मागायची नाही. आकडा, नाडी, बीपी, जीभ, सूज हे सगळं एकत्र बघून डॉक्टर ठरवतात, आणि तुमची वही त्यांना त्या वेळी लाखमोलाची वाटते.

आकड्यांपलीकडे : पेशंटकडे बघा

पाणी कमी पडत असेल तर जिभेचा मधला भाग खरखरीत होतो, ओठ चिकटतात, लघवी गडद होते, हातपाय गार पडतात. बोटाचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. उठून बसल्यावर चक्कर, सतत शंभराच्या वर धावणारी नाडी, गुंगी, ही सांगण्यासारखी लक्षणं. कधी पाणी कमी असतं, कधी आत रक्तस्राव होत असतो; तो फरक डॉक्टरच ओळखतील, तुम्ही वेळ घालवू नका.

जास्त झालं असेल तर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबा. खळगा पडून तसाच राहिला तर पाणी साचलंय. पण झोपून असलेल्या माणसाची सूज पायावर नव्हे, कमरेखाली माकडहाडापाशी उतरते, आणि ती नेहमी नजरेतून सुटते. कूस बदलताना तिथे बघा. उताणं झोपल्यावर दम, नवा खोकला, पापण्या सुजलेल्या. जमत असेल तर रोज सकाळी वजन करा. एका दिवसात किलोभर वजन वाढलं तर ते मांस नव्हे, लिटरभर पाणी आहे.

आणि पेशंटला ऊब द्या. थंडीनेही कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांपैकी ज्यांना ऑपरेशनच्या वेळी ऊबदार ठेवलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६ टक्के होता, ज्यांचं अंग गार पडलं त्यांच्यात १९ टक्के. थिएटरमधलं तापमान तुमच्या हातात नाही, पण बाहेर आल्यावर पायांत मोजे, अंगावर कोरडी चादर आणि घोंगडी, हे आहे. गरम पाण्याची पिशवी मात्र नको. कमरेत भूल दिलेल्या पायाला चटका कळत नाही. दुखणंही दाबून ठेवायला लावू नका. वेदनेनेही रक्तवाहिन्या आवळतात, आणि दुखतंय म्हणून माणूस ना हलतो, ना पितो.

तोंडाने कधी आणि काय

"वारा सरल्याशिवाय पाणी नाही" ही जुनी शिस्त आता पुष्कळ ऑपरेशनांत मोडीत निघाली आहे. सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय अशा सरळ पार पडलेल्या ऑपरेशननंतर काही तासांतच घोट घोट पाणी सुरू करतात. आतड्याचा सांधा केला असेल, आतडं फाटलेलं असेल, तर सर्जन ठरवतील ते. परवानगी मिळाली की पेशंट पूर्ण जागा आहे ना, गिळता येतंय ना, हे बघा आणि डोकं-पाठ उंच करूनच द्या. आधी दोन चमचे. पंधरा-वीस मिनिटं मळमळ नसेल तर पुन्हा दोन-चार. तासाभराने पाव फुलपात्र. उलटी झाली तर थांबा आणि सांगा.

पाणी पचलं की पाण्यासारखी पेज, मिठाची कणी टाकून. वरणाचं निवळ, ताक, नाचणीची आंबील, शहाळ्याचं पाणी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना विचारल्याशिवाय नको. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे ना हे वाचूनच घ्या; फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात घातलं की क्षार जास्त होऊन त्रासच होतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्यावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. आतडं चालू असेल तर तोंडाने दिलेलं पाणी बाटलीपेक्षा कमी दर्जाचं नसतं.

लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावलेली असेल, म्हणजे इलिओस्टोमी असेल, तर नियम उलटा होतो. पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटर पातळ येऊ लागलं आणि तहान लागते म्हणून साधं पाणी वाढवलं, तर ते मीठ ओढून घेऊन आणखी जोरात बाहेर येतं. अशा वेळी साधं पाणी आणि चहा कमी करून ओआरएस द्यायचं असतं, आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं असतं. अशी माणसं कोरडी पडून पुन्हा भरती होताना मी फार पाहिली आहेत.

हृदय अशक्त असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर वर सांगितलेले आकडे बाजूला ठेवा. डॉक्टरांकडून दिवसाचा आकडा लिहून घ्या, तितकं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा आणि त्यातूनच द्या. लहान मुलांचा हिशोबही वेगळा असतो, तो त्यांच्या डॉक्टरांचाच.

घरी आल्यावर

सुट्टी झाली की वही बंद होते, आणि चूक तिथेच होते. निदान टाके निघेपर्यंत रोज दोन ओळी लिहा : साधारण किती प्यायलं, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची. फिकट पिवळी, चार-पाच तासांनी एकदा, हे ठीक. बाळंतिणीला अंगावर पाजायचं असतं, तिची गरज इतरांपेक्षा जास्त. पाणी प्यायल्याने तिचं पोट सुटत नाही. प्रत्येक वेळी बाळाला घेताना शेजारी भरलेलं फुलपात्र ठेवा.

पाण्याबरोबर प्रथिनं हवीत : अंडं, मासे, डाळी, दूध, दही. वांगं, बटाटा, भात यांनी टाके पिकत नाहीत. क जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू, लिंबू. "आंबट नको" या समजुतीपायी नेमकं हेच ताटातून जातं.

टाक्यांच्या कडेची लाली पसरत चालली, फुगवटा आला, पू किंवा वास येऊ लागला, ताप चढला, जखमेतून अचानक गुलाबी पाणी भळभळलं, तर त्याच दिवशी दाखवा. गुलाबी पाणी आल्यावर कापसाचा थर वाढवून उद्यापर्यंत थांबू नका. आतले टाके सुटल्याची ती खूण असू शकते. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, काहीही पोटात टिकत नाही, किंवा झोपल्यावर दम लागतो, तर रात्र असली तरी निघा.

आणि टाके काढायला येताना ती वही पिशवीत घाला. त्या बाळंतिणीच्या सासूबाई आठव्या दिवशी घेऊन आल्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक फुलपात्रामागे एक रेघ ओढलेली. चौथ्या दिवशी अकरा रेघा होत्या, आणि टाके कोरडे खडखडीत.